विकत घेतलेला गेम बंद करायचं बटण कोणाच्या हातात असतं?

मानपाड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात एक गेमिंग पीसी आहे, आता पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) घ्यायचा विचार चालू आहे आणि वर्षाला गेमसाठी साधारण १५ हजार रुपये बाजूला काढता येतात. यूट्यूब उघडलं की रोज नवा वाद. गेम आपल्या मालकीचे नसतातच, अमक्याचे सर्व्हर बंद झाले, किमती ८० डॉलरवर गेल्या, गेम पास (मायक्रोसॉफ्टची महिन्याच्या वर्गणीवरची गेम सेवा) महागला, तमका स्टुडिओ बंद पडला. यातल्या कशाचा आपल्या पैशांशी खरोखर संबंध आहे? डिस्कवाला पीएस५ घ्यावा की डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला? आणि कंपनीने गेम बंद केला तर ठाण्यात बसून काही करता येतं का?

यातले निम्मे वाद खरेदीच्या दृष्टीने बाजूला ठेवता येतात. कोणत्या पात्राचा चेहरा कसा काढला, कोणाला पुरस्कार मिळाला, कोणता निर्माता काय बोलला, यावर मतं जरूर असावीत, पण त्याने तुमचा गेम चालायचा थांबत नाही. जे वाद खिशापर्यंत पोहोचतात त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. पैसे भरून झाल्यावर तो गेम चालू ठेवणं किंवा बंद करणं कोणाच्या हातात आहे? हे खरेदीच्या आधी तपासायची सवय लागली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

गेमचा फक्त परवाना मिळतो हे खरं आहे, आणि जुनं आहे. नव्वदच्या दशकातल्या सीडीच्या खोक्यातही परवान्याचाच कागद असायचा. फक्त त्या सीडीवरचा गेम तुमच्या घरात येऊन बंद करायची सोय कंपनीकडे नव्हती. आज आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये एबी २४२६ नावाचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असं बटण ठेवायचं असेल तर मिळतो तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, एवढी त्याची मागणी. म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये तशी ओळ दिसते. ती वाचून घाबरायचं कारण नाही, पण तिच्यात काय लिहिलेलं नाही हे पाहा. घोडबंदर रोडवर लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतला तर करारात मुदत असते, घर रिकामं करायची नोटीस किती दिवसांची हे असतं, डिपॉझिट परत कधी हेही असतं. गेमच्या परवान्यात यातलं काहीच नसतं. माझ्या मते खरी तक्रार इथे आहे. परवाना द्या, पण किती दिवसांचा ते आधी सांगा.

हे कुठवर जाऊ शकतं ते 'द क्रू'ने दाखवलं. युबिसॉफ्टचा हा कार रेसिंगचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. १४ डिसेंबर २०२३ रोजी त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. कथेचा भाग एकट्याने खेळायचा होता, पण तोही सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरू होत नसे. त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निकामी झाली. पुढच्या काही दिवसांत लोकांच्या युबिसॉफ्ट खात्यांतून परवानेही काढले गेले. याच प्रकरणावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. तिची मागणी अनेक जण चुकीची सांगतात. सर्व्हर कायम चालू ठेवा असं तिचं म्हणणं नाही. सेवा बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच म्हणणं आहे. युरोपीय संघाच्या नागरिक-उपक्रमासाठी वर्षभरात १० लाख सह्या हव्या होत्या. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा १४ लाखांहून अधिक जमल्या होत्या आणि पडताळणीतही अट पार झाली.

कंपन्यांच्या संघटनेचा प्रतिवाद असा की खासगी सर्व्हरवर देखरेख ठेवता येत नाही, कायदेशीर जबाबदारी येते आणि खर्च वाढतो. शंभर खेळाडू एकाच नकाशावर उतरतात अशा गेमबाबत त्यात तथ्य आहे. एकट्याने खेळायच्या भागाबाबत मला ते पटत नाही, आणि पुरावा कंपन्यांनीच दिलाय. युबिसॉफ्टने २०२५ मध्ये 'द क्रू २'ला ऑफलाइन चालणारा हायब्रिड मोड दिला. 'सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग'ला डिसेंबर २०२४ मध्ये ऑफलाइन मोड आला. 'नॉकआउट सिटी'चे सर्व्हर जून २०२३ मध्ये बंद झाले, पण त्याआधी खासगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली गेली. म्हणजे मनात आलं तर जमतं. उलट ईए कंपनीच्या 'अँथम'ला असं काहीच मिळालं नाही आणि १२ जानेवारी २०२६ रोजी तो पूर्ण बंद झाला.

बातमी वाचताना चार वेगळ्या गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण मथळ्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिली, विक्री थांबणं. 'फोर्झा होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ ला दुकानातून गेला, कारण गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली. ज्यांनी तो आधी घेतला होता ते आजही डाउनलोड करून खेळू शकतात. म्हणजे विक्री थांबणार अशी बातमी आली की घाबरण्याऐवजी हवा असेल तर तो गेम लगेच स्वस्तात उचलायचा. दुसरी, सर्व्हर बंद होणं. त्यात मल्टिप्लेअर जातो, बाकीचा भाग राहतो की नाही हे गेमच्या बांधणीवर ठरतं. तिसरी, परवाना काढून घेणं, जे क्वचित घडतं पण सगळ्यात गंभीर आहे. चौथी, अपडेटमधून आतला मजकूर बदलणं. 'जीटीए ४'मधली बरीच गाणी २०१८ मध्ये अशीच गेली. चौथ्या प्रकारात डिस्क कामाला येते, कारण अपडेट न घेता डिस्कवरची मूळ आवृत्ती चालवता येते.

आता तपासणी. पीसीसाठी स्टीमच्या पानावर उजवीकडच्या बारीक चौकटी वाचा. तिथे तिसऱ्या कंपनीचं खातं लागतं का, डेनुवोसारखं डीआरएम (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) आहे का, कर्नल पातळीवरचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडायला विंडोजच्या गाभ्यात चालणारं सॉफ्टवेअर) आहे का, हे लिहिलेलं असतं. कर्नल अँटी-चीटची माहिती देणं ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं आहे. इंटरनेट सतत लागतं का हे मात्र तिथे नेहमी नीट लिहिलेलं नसतं, म्हणून पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं नाव शोधून उपलब्धता आणि डीआरएमचा तक्ता पाहावा. प्लेस्टेशन स्टोअरवर प्रत्येक गेमच्या पानावर ऑनलाइन खेळ ऐच्छिक की आवश्यक, हे लिहिलेलं असतं. 'आवश्यक' दिसलं आणि गेम एकट्याने खेळायचा असेल तर तिथेच थांबून विचार करा.

पीसीवर याहून खात्रीची चाचणी घरच्या घरी होते. गेम घेतल्यावर एकदा ऑनलाइन सुरू करा, मुख्य मेनू येऊ द्या, बंद करा. स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन' निवडा. मग राउटरची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. गेम पुन्हा सुरू करा, नवा खेळ चालू करा, सेव्ह करा, बाहेर पडा, परत आत येऊन ते सेव्ह उघडा. शेवटची पायरी टाळू नका. काही गेम ऑफलाइन सुरू होतात पण सेव्ह सर्व्हरवर ठेवतात, आणि ते तिथेच कळतं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे परताव्याच्या मुदतीत हे सहज बसतं.

ही मुदत नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. घड्याळ कथा सुरू झाल्यावर चालू होत नाही. गेमचा स्वतःचा लाँचर नुसता उघडा असला, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होत बसले, तरी ती मिनिटं धरली जातात. अनरिअल इंजिन ५ वरच्या मोठ्या गेमला जुन्या प्रोसेसरवर पहिल्या वेळी शेडरसाठीच पंधरा मिनिटं सहज लागू शकतात. एप्रिल २०२४ पासून महागड्या आवृत्तीसोबत मिळणाऱ्या आगाऊ प्रवेशातला वेळही या दोन तासांत धरतात. म्हणून पहिली बैठक तपासणीसाठीच ठेवावी. ऑफलाइन चाचणी करा, ग्राफिक्सची सेटिंग्ज लावा आणि ट्यूटोरियल संपवून गर्दीच्या किंवा मोकळ्या मैदानाच्या भागात जाऊन एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) पाहा. ट्यूटोरियलच्या बंदिस्त खोल्यांत आकडे नेहमीच चांगले दिसतात. दीड तासाला निर्णय घ्या. अर्ज स्टीमच्या मदत विभागात, खरेदीच्या यादीतून करायचा. मंजुरीनंतर पैसे साधारण आठवड्यात येतात. मूळ माध्यमात परत करता आले नाहीत तर स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात. सेल लागण्याच्या आदल्या दिवशी गेम घेतला असेल तर परत करून स्वस्तात पुन्हा घेणं स्टीमला चालतं, तसं त्यांच्या नियमातच आहे.

एपिक आणि जीओजी ही पीसी गेमची आणखी दोन ऑनलाइन दुकानं. एपिकचे नियम जवळजवळ तेच. जीओजी ३० दिवस देतं, अगदी खेळून झालं तरी. शिवाय जीओजीवर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. त्यात एक एक्झी फाइल आणि सुमारे ४ जीबीचे अनेक बिन तुकडे असतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये, एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेल्या बाह्य हार्डडिस्कवर ठेवा. एक तुकडा राहिला तरी इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं. स्टीमचा बॅकअप वेगळा आहे. तो डाउनलोडचा वेळ वाचवतो, पण चालवायला स्टीमचं लॉगिन लागतंच. एखादा गेम दोन्हीकडे असेल आणि किमतीत शे-दोनशेचा फरक असेल, तर जीओजीवर घ्यावा.

प्लेस्टेशनवर मात्र हात आखडता घ्या. तिथे १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क संपतो, सदोष गेमचा अपवाद सोडून. म्हणजे चालवून बघायची सोय नाही. प्री-ऑर्डर केली असेल तर ऑटो-डाउनलोड बंद ठेवा, नाहीतर प्रीलोड (गेम येण्याआधीच होणारं डाउनलोड) झाल्यावर वाद घालत बसावं लागतं. एक्सबॉक्सवर १४ दिवस आणि 'फार वेळ खेळलेला नसावा' अशी मोघम अट आहे.

याच कारणासाठी तुमच्या बजेटला डिस्कचा पीएस५ बरा. डिस्क म्हणजे कायमची मालकी, हा समज मात्र सोडून द्या. 'ग्रॅन टुरिस्मो ७'चे सर्व्हर मार्च २०२२ मध्ये तीस तासांहून जास्त बंद पडले, तेव्हा डिस्क असलेल्यांनाही एकट्याने खेळायचा बहुतांश भाग मिळाला नाही. 'डूम: द डार्क एजेस'च्या पीएस५ डिस्कवर मे २०२५ मध्ये जेमतेम ८५ एमबी डेटा निघाला, बाकी सगळं डाउनलोड. निन्टेंडोच्या स्विच २ वर तर जून २०२५ पासून गेम-की कार्ड नावाचा प्रकारच आहे. त्या कार्डात गेम नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. तेव्हा खोक्याच्या मागे इंटरनेट किंवा डाउनलोड आवश्यक अशी ओळ आहे का ते वाचा. कोणती डिस्क नेटशिवाय पूर्ण चालते याची नोंद 'डझ इट प्ले' हा स्वयंसेवी गट ठेवतो, ती बघून मगच पैसे मोजा.

डिस्कचा खरा फायदा पुनर्विक्रीत आहे. समजा ५ हजारांची डिस्क घेतली, महिन्याभरात संपवली आणि ३ हजारांना विकली, तर तो गेम २ हजारांना पडला. डिजिटल गेम तुम्ही कोणालाच विकू शकत नाही. या हिशेबाने १५ हजारांत वर्षाला तीनऐवजी सहा गेम बसतात. विकायचा असेल तर लवकर विका, स्टोअरवर पहिला मोठा सेल लागला की जुन्या डिस्कचा भावही पडतो.

ठाण्यात आणि वाशीत जुन्या डिस्कची देवघेव करणारी दुकानं आहेत. तिथे घेताना तीन गोष्टी बघा. डिस्क तिरकी धरून खालच्या बाजूचे चरे पाहा. मधून कडेकडे गेलेला बारीक चरा सहसा चालतो, गोलाकार चरा त्रास देतो. पीएस५ची डिस्क ब्लू-रे प्रकारची असते. ब्लू-रेमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर असतो. त्यामुळे खोल चरा घासून, पॉलिश करून निघत नाही. 'पॉलिश करून देतो' असं कोणी म्हणालं तर ती डिस्क घेऊच नका. मधल्या भोकाजवळ बारीक तडा आहे का तेही पाहा. दुसरं, शक्य असेल तर दुकानातल्या कन्सोलवर कॉपी पूर्ण होऊ द्या, वाचनाची चूक बऱ्याचदा अर्ध्यावर कॉपी झाल्यावर येते. तिसरं, रिजन. पीएस५च्या डिस्क कोणत्याही पीएस५ वर चालतात, पण डीएलसी (गेमचा वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) डिस्कच्या रिजनशी जुळावं लागतं. खोक्यावर अमेरिकेचा ईएसआरबीचा (वयोगट सांगणारा) शिक्का असेल तर भारतीय खात्यावरून घेतलेलं डीएलसी बहुधा लागणार नाही. आणि जुन्या खोक्यातला बोनसचा कोड वापरलेला आहे असंच धरून चाला.

डिजिटल पीएस५ स्वस्तात मिळत असेल तर स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर लावता येतो. पहिल्यांदा जोडताना त्याची नोंदणी इंटरनेटवरूनच होते, हे लक्षात असू द्या.

एक तातडीची सूचना. इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर पाच हजारांचा गेम सातशे-आठशेला 'प्रायमरी अकाउंट'वर मिळतो, त्यापासून लांब राहा. विकणारा स्वतःच्या खात्याने तुमच्या कन्सोलवर लॉगिन करून 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू करतो. तो हक्क एका खात्यामागे एकाच पीएस५ ला मिळतो, म्हणून उद्या त्याने तोच दुसऱ्याला विकला की तुमच्या गेमवर कुलपाचं चिन्ह येतं. तिथे सगळी बटणं एका अनोळखी माणसाच्या हातात असतात आणि प्लेस्टेशनच्या दृष्टीने तुम्ही ग्राहकच नसता. स्वतःच्या खात्यावर घेतलेल्या गेमवर कुलूप दिसलं तर मात्र घाबरू नका. सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, मग अदर, मग रिस्टोअर लायसन्सेस. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. आणखी एक अडचण लोकांना कन्सोल बिघडल्यावरच कळते. पीएस५ गेमचं सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही, ते फक्त पीएस प्लस असेल तर क्लाउडवर जातं.

गेम पासबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत अल्टिमेटचा दर महिन्याला १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाला आणि आपल्याकडेही वाढला. सदस्यता वाईट नाही, पण ती बारा महिने चालू ठेवायची गोष्ट नाही. दोन-तीन हवे असलेले गेम जमले की एक महिना घ्या, आणि घेतल्या दिवशीच नूतनीकरण रद्द करा. महिना पूर्ण मिळतो. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डवरचा मँडेट तुमच्या अॅपमधूनही काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते, तो मेसेज न वाचता पुसू नका. गेम पासमधून गेम दर महिन्याला जात-येत असतात, त्यामुळे ऐंशी तासांचा लांबलचक कथेचा गेम तिथे सुरू करण्यापेक्षा सेलमध्ये विकत घेतलेला परवडतो.

८० डॉलरचा गदारोळ खरा आहे, पण आपल्याकडे तो थेट लागू होत नाही. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' त्या किमतीला आला. 'द आउटर वर्ल्ड्स २' ८० ला जाहीर झाला आणि जुलै २०२५ मध्ये ७० वर आणावा लागला, म्हणजे ग्राहकांनी नाक मुरडलं की किमती हलतात. रुपयांतली किंमत प्रकाशक स्वतंत्र ठरवतो. स्टीम फक्त शिफारस करतं आणि ती बंधनकारक नाही. म्हणून डॉलरच्या बातमीपेक्षा स्टीमच्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या स्टीमडीबी साइटवर त्या गेमचा रुपयांतला इतिहास बघा. मागचा सर्वात कमी भाव किती आणि तो किती महिन्यांनी आला, एवढ्यावरून कधी घ्यायचं ते ठरतं.

स्टुडिओ बंद पडण्याच्या बातम्यांचा तुमच्याशी संबंध सीझन पासपुरता, म्हणजे पुढे येणाऱ्या भागांसाठी आगाऊ दिलेल्या पैशांपुरता. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये आर्केन ऑस्टिन बंद केला तेव्हा 'रेडफॉल'ला शेवटचा अपडेट म्हणून ऑफलाइन मोड मिळाला, पण वचन दिलेली पुढची पात्रं आली नाहीत. महागड्या आवृत्तीवाल्यांना त्या भागाचे पैसे परत द्यावे लागले. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे पूर्ण परत मिळाले, पण तो अपवाद समजा, कारण इतक्या लवकर गुंडाळल्यावर दुसरा मार्गच नव्हता. जो मजकूर अजून बनलेला नाही त्याचे पैसे आज देऊ नका. जीटीए ६ लाही हेच लागू. जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, डिजिटल प्रती संपत नसतात, आणि पीसीची तारीख जाहीर नसल्याने तुमच्या पीसीचा त्यात हिशेब धरू नका.

मोबाइलवर आपण हे सगळं आधीच भोगलंय. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आली, २८ जुलै २०२२ ला स्टोअरमधून गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. इथे बटण सरकारकडेही आहे. म्हणून यूसी असो की डायमंड, हे गेममधलं चलन जेवढं या सीझनमध्ये खर्च होणार तेवढंच घ्या. घरात लहान मुलं असतील तर गुगल प्लेवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. नजरचुकीने खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत परताव्याचा अर्ज करा. स्किनकडे (गेममधल्या शस्त्रांच्या सजावटीकडे) गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ आठवावा. 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये पाच लाल स्किन देऊन चाकू मिळवायची सोय झाली आणि चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. एका अपडेटने ज्याचा भाव ठरतो त्यात बचत ठेवू नये.

वाद खरा की नुसता गोंगाट, हे ओळखायला स्टीमच्या परीक्षणांचा आलेख कामी येतो. नकारात्मक परीक्षणं एका दिवशी उसळली असतील तर आलेखातल्या त्या उसळीवर क्लिक करून त्या दिवसाची परीक्षणं वाचा. 'हेलडायव्हर्स २'चं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये विकलेल्या गेमला मे महिन्यात पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन) खातं सक्तीचं होणार असं जाहीर झालं. सुरुवातीला टाळता येणारी अट विक्रीनंतर सक्तीची होणार होती, शिवाय पीएसएन उपलब्धच नसलेल्या देशांत गेम विकलेला होता. दोन लाखांहून अधिक नकारात्मक परीक्षणं आली आणि सोनीने तीन दिवसांत माघार घेतली. तक्रार नेमकी होती म्हणून हे झालं. क्रॅश, एफपीएस, बदललेली अट अशा गोष्टी लिहिणारी परीक्षणं मोलाची; नुसत्या शिव्या असतील तर पुढे जा.

आता ठाण्यातून काय करता येईल. युरोपच्या त्या उपक्रमावर सही करण्याचा हक्क फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना होता, त्यामुळे मित्रांच्या सांगण्यावरून असल्या ठिकाणी खोटा पत्ता देऊन सह्या करू नका, त्याने मोहिमेलाच बट्टा लागतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे आणि तो वापरला जात नाही हीच अडचण आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार भारतीय ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तेव्हा आधी स्टोअरच्या मदत विभागात तिकीट टाका, ते नाकारलं की तिकीट क्रमांकासह तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा.

बँकेकडून पैसे उलटवून घेण्याची घाई करू नका. चार्जबॅक केला की स्टीम आणि प्लेस्टेशन दोन्ही खात्यावर निर्बंध आणतात, आणि एका गेमपायी सगळी लायब्ररी अडकते. सगळे मार्ग संपल्यावरच तो पर्याय.

त्यापुढे ई-जागृती पोर्टलवरून ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल होते. तुमच्यासाठी ठाणे जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा, या मुद्द्यावर जिल्हा आयोगात जायचं. एकतर्फी, सबळ कारणाशिवाय करार संपवण्याची अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, तर ते प्रकरण मुंबईच्या राज्य आयोगाकडे जातं. चुकीच्या ठिकाणी दाखल केलं तर महिने फुकट जातात. जोडायला बिल, ऑर्डर क्रमांक, खेळलेल्या वेळाची नोंद, सगळी ईमेल आणि खरेदीच्या दिवशीच्या स्टोअर पानाचा स्क्रीनशॉट हवा. हा शेवटचा पुरावा नंतर मिळत नाही, कारण गेम बंद होताना ते पानही बदलतं किंवा जातं. म्हणून पैसे भरण्याआधीच, वर्णन आणि अटी दिसतील असा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा.